मेडिकलला जाशील तेव्हा

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, नवीन आलास, सेवा करायची म्हणतोस, तर आधी बॅनर आणि फोटो डोक्यातून काढ. बायबलात मत्तयाच्या 6व्या अध्यायात प्रभू येशूने स्पष्ट सांगितलंय, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको.

सुरुवात मेडिकलपासून, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलपासून कर. गडचिरोली, गोंदिया, पार छिंदवाडा-बालाघाटहून पेशंट येतात. नातेवाईक आवारात सतरंजी टाकून पडलेले असतात. बिस्किटपुडे वाटून लगेच निघू नको. शेजारी बस, विचार, "कुठून आले बाप्पा?" बऱ्याचदा त्यांना चिठ्ठी कोणत्या खिडकीवर दाखवायची, एक्स-रे कुठे काढतात, हेच कळत नसतं. सोबत चाल, रांगेत उभा राहा. एकट्या म्हातारीला जेवून यायचं असेल, तर तेवढा वेळ तिच्या पेशंटजवळ बस. लूकच्या 10व्या अध्यायातला शोमरोनी आठव, वाटेत लुटलेल्या जखमी परक्या माणसासाठी थांबलेला. जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून, पट्ट्या बांधून तो मोकळा झाला नाही. त्याला उतारशाळेत नेलं, तिथल्या मालकाला दोन दीनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. हे परत जाणंच आपल्याकडून राहून जातं. दुसऱ्या दिवशी जाच.

धर्म विचारू नको, पत्रिका तर मुळीच वाटू नको. आजाऱ्याच्या अडचणीत प्रचार करणं मला पटत नाही.

आणि घरचं विसरू नको. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. सिलिंडर खांद्यावर घेऊन जिने चढलेल्या पोराला पंख्याखाली बसव, माठातलं पाणी दे. भांडी घासणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवला असेल, तर आईशी आजच बोल.