मेंदूच्या स्कॅनमधला फरक नेमका कुणाशी?

प्रश्न: मी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये एमआरआयचा डेटा मिळालाय: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे दोन उपगट आणि निरोगी व्यक्तींचा कंट्रोल गट. पहिला उपगट कंट्रोलपेक्षा वेगळा निघाला, दुसरा नाही. म्हणून ‘दोन्ही उपगटांचे मेंदू एकमेकांपेक्षा वेगळे’ असं लिहायला सांगितलंय. मला पटत नाही. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं; तरी या क्षेत्रात यावं का?

उत्तर: तुला जे खटकलं ते अगदी बरोबर खटकलं, आणि म्हणूनच माझं उत्तर ‘हो’ आहे.

समज, तिन्ही गटांत माणसांची संख्या सारखीच आहे. पहिल्या उपगटाचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) कंट्रोलपेक्षा सरासरी ०.१० मिमीने पातळ, दुसऱ्याचं ०.०४ मिमीने, प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) दोन्हीकडे ०.०४. फरकाला त्रुटीने भागलं की २.५ आणि १; सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये इतका, ठरायला साधारण २ लागतात, म्हणून एक सार्थक, दुसरा नाही. आता दोन्ही उपगट समोरासमोर ठेव. फरक ०.०६, प्रमाण त्रुटी तीच, भागाकार फक्त १.५. उपगट वेगळे असल्याचा पुरावा इथे नाहीच. ही चूक नवख्यांचीच असते असं मानू नकोस. न्यूवेनहॉइस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाच नामांकित नियतकालिकांतले मेंदूविज्ञानाचे ५१३ लेख तपासले. त्यातल्या १५७ लेखांत दोन परिणामांची अशी तुलना होती आणि ७९ लेखांनी ती चुकीच्या पद्धतीने केली होती.

तेव्हा तिन्ही गट एकाच मॉडेलमध्ये घे, वय आणि लिंग घाल, उपगटांचा थेट कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोघांमधला फरक, काढ. औषधांचाही विचार कर. एका उपगटाला जास्त डोस असेल तर दिसणारा फरक आजाराचा की गोळ्यांचा, हे सांगणं अवघड जातं. आणि उपगट याच स्कॅनवरून क्लस्टरिंगने (सारखे दिसणारे स्कॅन एकत्र करून) पाडले असतील, तर त्याच स्कॅनवर त्यांची चाचणी घेऊ नकोस. तसं केलं की फरक निघणारच.

मेंदूची रचना नंतर शिकता येते. रेषीय मॉडेल, मिक्स्ड मॉडेल आणि एकाच वेळी हजारो चाचण्या घेताना करायची दुरुस्ती यांचा पाया मात्र आताच पक्का हवा. ही दुरुस्ती न केल्यास काय होतं ते २००९ मध्ये बेनेट यांच्या गटाने दाखवलं: स्कॅनरमधल्या मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही ‘सक्रियता’ दिसली!

सरावासाठी ऑटिझमचा ‘अबाइड’ डेटा घे. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या पहिल्या संचात १७ केंद्रांवरचे ५३९ ऑटिस्टिक आणि ५७३ कंट्रोल आहेत. केंद्र बदललं की स्कॅनर बदलतो, तेव्हा केंद्र मॉडेलमध्ये हवंच. पुढे पीएच.डी.साठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेचा बायोस्टॅटिस्टिक्स विभाग आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र बघ. रस बदलला तरी क्लिनिकल ट्रायलमध्ये हेच कौशल्य लागतं.

आधी मात्र थेट तुलनेचा तक्ता कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (फरक किती ते किती असू शकतो त्या मर्यादांसह) तयार कर आणि मार्गदर्शकांना दाखव. वाद घालू नकोस. ‘सर, हा कॉन्ट्रास्ट आपण घेतलाच नव्हता’ एवढंच म्हण.