‘आडनाव बदलून घेऊ का?’

‘‘मॅडम, गॅझेटमध्ये आडनाव बदलायला किती दिवस लागतात?’’ समुपदेशनासाठी समोर बसल्या बसल्या तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. वय 20, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, मराठवाड्यातल्या गावातून आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. घर बौद्ध. आडनाव मात्र असं, की ते मराठा घरांतही सापडतं. त्यामुळे पहिलं वर्ष कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न तोच आहे. अनेक मुलंमुली तो घेऊन येतात.)

दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाने शिष्यवृत्तीची यादी नावापुढे प्रवर्ग लिहून फलकावर लावली. त्याच आठवड्यात खोलीतल्या दोघींनी पाण्याचा जार वेगळा केला. प्रॅक्टिकलची जोडीदार दुसऱ्या टेबलावर गेली. मेसच्या रांगेत एकजण मोठ्याने म्हणाली, ‘‘यांना काय, 40 टक्क्यांवर पण मिळतं.’’ तिला बारावीला 81 टक्के होते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘‘दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे बघ.’’ वडील फोनवर म्हणाले, ‘‘बाई, डिग्री पदरात पाडून घे, भांडत बसू नको.’’ दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण दोन्ही वाक्यांचा तिने लावलेला अर्थ एकच: त्रास माझ्यामुळे होतोय, तर मीच बदलायला हवं. गॅझेटचा विचार तिथून आला.

पहिल्या भेटीत आडनावाचा विषय बाजूला ठेवला. आधी झोप, जेवण आणि जिवाची सुरक्षितता. झोप तीन-चार तास, रात्रीचं जेवण महिनाभर बंद, कारण मेसमध्ये जायचं नव्हतं. ‘‘जगूच नये असं मनात येतं का?’’ हे सरळ शब्दांत विचारलं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते. ती म्हणाली, ‘‘सकाळी जाग येऊच नये, असं कधी कधी वाटतं.’’ मग पुढची भेट आठवड्याने न ठेवता तिसऱ्या दिवशी ठेवली. रात्री फोन करता येईल अशा दोन माणसांची नावं तिच्याकडून कागदावर घेतली. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक मोबाइलमध्ये तिथेच जतन करून घेतला. ‘बघू पुढे’ म्हणून हे टाळण्याची चूक समुपदेशकांकडूनही होते.

आडनावाची चर्चा दुसऱ्या भेटीत झाली. लपवण्यासाठी रोज काय काय करावं लागतं, याची यादी तिने स्वतः लिहिली. घरचा हॉलचा फोटो कुणाला दाखवायचा नाही, कारण भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. 14 एप्रिलला स्टेटस ठेवायचं नाही. वडील फोनवर पहिल्यांदा ‘जय भीम’ म्हणतात, म्हणून त्यांचा फोन गच्चीवर जाऊन घ्यायचा. यादी 17 ओळींची झाली. दिवसभर स्वतःवर असा पहारा ठेवणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही, यात नवल नाही. हे मनाचं दुबळेपण नव्हे. पहारा ठेवायला लावणारी जी भीती आहे, तिला बाहेर खरं कारण आहे. ‘तू जास्त मनाला लावून घेतेस’ असं म्हणणारा समुपदेशक इथे त्या दोघी रूममेटचीच बाजू घेतो.

गॅझेटचं व्यवहाराचं उत्तरही तिला हवं होतं. नाव बदलता येतं, तो हक्कच आहे. पण राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, जुनं आणि नवं नाव एकाच नोंदीत छापलं जातं आणि पुढे जुन्या गुणपत्रिका दाखवताना ती प्रत जोडावी लागते. जात पडताळणीत तर अडचण वाढते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला आणि नातीचं नवं आडनाव जुळवून दाखवताना जास्तीची कागदपत्रं लागतात. ज्यांना नवं नाव मनापासून हवं आहे त्यांनी जात वैधता प्रमाणपत्र आधी हातात घ्यावं, मग अर्ज करावा. आणि शिष्यवृत्तीच्या यादीत प्रवर्ग तोच राहील, हेही लक्षात घ्यावं.

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बाबासाहेबांनी पण बडोद्यात पारशी नाव सांगितलं होतं ना?’’ होय, 1917 मध्ये. परदेशात शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना, म्हणून पारशी विश्रामगृहात त्यांनी तसं नाव सांगितलं; काही दिवसांतच लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. तिला हे ठाऊक होतं, पण स्वतःशी तिने ते जोडलं नव्हतं. लपवणं हा तिचा गुन्हा नाही, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा पटलं. आमच्या मते उपचाराला खरी सुरुवात तिथे झाली.

मग तिने एक वही केली. तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावं. त्याच रात्री लिहायचं. ‘जातीवरून बोलली’ असं लिहून उपयोग नाही, शिवीच असली तरी जशीच्या तशी लिहावी. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसायचे नाहीत. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि रागाच्या भरात उत्तर पाठवायचं नाही. वहीचा दुसरा फायदा असा, की डोक्यात रात्रभर फिरणारा प्रसंग कागदावर उतरला की थोडा थांबतो.

तक्रार करायची की नाही, हे तिचं तिने ठरवायचं होतं. त्यासाठी दोन्ही वाटा माहीत हव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या समता विनियमांत समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी आणि तक्रारीवर 60 दिवसांत निर्णय अशी तरतूद आहे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. बहुतेक तक्रारी तोंडी राहतात आणि तिथेच विरतात.

दुसरी वाट 1989 च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची. जातीवरून अपमानाचं कलम लागण्यासाठी प्रसंग इतरांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. म्हणजे मेसच्या रांगेत सगळ्यांसमोर जातीचं नाव घेऊन केलेला अपमान त्यात येऊ शकतो. बंद खोलीत दोघींतच झालेल्या बोलण्याला हे कलम सहसा लागत नाही. फिर्यादीत आपली जात, समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची नाही हे, आणि तिला आपली जात माहीत होती हे स्पष्ट लिहावं; ही वाक्यं राहिल्यामुळे प्रकरणं कमकुवत होतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) देऊन परत पाठवू लागले तर अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा. 14566 हा अशा अत्याचारांविरुद्धचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

तिने पहिली वाट निवडली. प्रसंग नऊ, साक्षीला दोघी मैत्रिणी. कॉलेजने आधी सुचवलं, ‘‘हिला दुसरी खोली देऊ.’’ हे फार ठिकाणी होतं आणि त्यात तक्रार करणारीलाच हलवलं जातं, म्हणून अर्जातच ‘माझी खोली बदलू नये’ असं वाक्य आधीच घातलं होतं. शेवटी त्या दोघींना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, लेखी समज दिली आणि प्रॅक्टिकलच्या जोड्या हजेरी क्रमांकाने लावल्या. यादीत आता प्रवर्ग छापत नाहीत.

सहाव्या भेटीला झोप सहा तासांवर आली होती. मेसमध्ये ती जाते, पण पाठ भिंतीला लागेल अशी जागा शोधूनच बसते; त्यावर अजून काम चालू आहे. वडिलांचा फोन मात्र आता ती खोलीतच घेते.