कुलूप लावू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र चारदा वाचलं. मार्चमध्ये सगळ्या बायका 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा पास झाल्या, दिवाळीपर्यंत वाचायला येत होत्या, आता तिघीच येतात. त्यांना आवडच नाही, म्हणून वर्ग बंद करावा म्हणतेस. तासगावच्या पोरीनं हे लिहावं? द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी मागोमाग येतात. सकाळी डबा घेऊन टेम्पोत चढलेली बाई दिवस मावळताना उतरते, मग चूल आणि गुरं. ही नावड आहे का? वेळ बदल. रात्री साडेआठला बस. एकटी आली तर एकटीला शिकव, पण खोलीला कुलूप लावू नकोस.

सातारा जिल्ह्यात 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती नंतर महाराष्ट्रभर गेली. गावंच्या गावं साक्षर झाली, ग्रामगौरव समारंभ झाले. माझी आई खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्याच मोहिमेत शिकली. देवळासमोर उभं राहून फळ्यावर नाव लिहिलं होतं, हे ती मरेपर्यंत सांगायची. 1972 साली युनेस्कोनं या मोहिमेला पारितोषिक दिलं. त्याच सुमारास मी आईबरोबर सोसायटीत गेलो होतो आणि तिनं कागदावर अंगठा उठवला. बारा वर्षांत हाताला अक्षर लागलं नव्हतं, गावात वाचण्यासारखं काही नव्हतं, शिकवणारे आपापल्या कामाला निघून गेले होते. शिकणं परीक्षेपाशी थांबलं की असं पुसलं जातं, पोरी. माझ्याच घरात पुसलं गेलं.

आणि हे पाहूनही मी तेच केलं. तीस वर्षांपूर्वी साक्षरता वर्ग चालवला, मूल्यमापन झालं, कंदील परत केले, खोलीला कुलूप लावलं. पंधरा दिवसांनी एक बाई दारात उभी दिसली. मुलगा फौजेत, त्याचं पत्र आलेलं. स्वतः वाचायचं होतं, जोडाक्षरं अडत होती. मी एसटी धरायला निघालो होतो. 'उद्या बघू,' म्हणालो. ते पत्र तिनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं आणि पुन्हा कधी आली नाही. तेव्हा माझ्या बदलीचा आदेश निघाला होता, घरी दोन तान्ही लेकरं होती, मानधन एक पैसा नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण दहा मिनिटं थांबलो असतो तर पुढची एसटी मिळाली असती, हेही खरं आहे.

निवृत्तीनंतर नऊ वर्षं माझ्या ओट्यावर रोज दिवा लावतो. कुणी आलं नाही तर मी वाचत बसतो. लोक हसले, सुनेलाही आधी हे पटलं नव्हतं. मी हटलो नाही, तूही हटू नकोस. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला लागले, टीव्ही-मोबाईल दीड तास बंद. घरोघरी किती जण वाचतात हे मोजून मग भोंगा वाजवायचा ठरवला असता तर तो वाजलाच नसता. आधी वेळ ठरते, माणसं मागून येतात.

आणि त्यांना तेच धड्याचं पुस्तक किती दिवस देणार? मागच्या हंगामात एक फवारणीवाला औषधाची बाटली घेऊन ओट्यावर आला. चार वर्षं तो तेच औषध हातमोज्याशिवाय मारत होता. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे सगळ्यात जहाल आणि हिरवा म्हणजे त्यामानानं सौम्य, हे आम्ही दोघांनी मिळून वाचलं. आतल्या घडीच्या कागदावर फवारणीनंतर किती दिवसांनी घड काढायचा तेही छापलेलं होतं. त्या एका कागदावर आमची आठ दिवसांची शिकवणी झाली. तुझ्या बायका रोज त्याच बागेत असतात. त्यांच्यासाठी बचत गटाचं पासबुक काढ, औषधाचा कागद काढ, एसटीचं वेळापत्रक काढ. जोडाक्षरं तिथंच भेटतील.

तुझी नोकरी लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलीस, तर किल्ली कुणाला द्यायची ते आजच ठरव. त्या तिघींतल्या एकीला दे. मी हे ठरवलं नव्हतं.

रविवारी दुपारच्या एसटीनं येतोय. बॅटरीवरचा दिवा आणि मोठ्या अक्षरातली वीसेक पुस्तकं आणतो. साडेआठला त्या तिघींना थांबायला सांग.

तुझा,
गुरुजी