एक मीटर, आठ कॅमेरे
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : फिल्म छायाचित्रण

प्रश्न : आजोबांचा याशिका मॅट १२४जी कॅमेरा कपाटातून निघाला. शटर व्यवस्थित वाजतं, पण उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई भर उन्हातही पटेल असं काही दाखवत नाही. आमचा सात-आठ जणांचा गट महिन्यातल्या एका रविवारी फिल्मवर फोटो काढायला निघतो, त्यामुळे हातात धरायचा मीटर घ्यावा असं वाटतंय. कोणता घ्यावा? जुना चालेल का?
– दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी कॅमेऱ्याच्या मीटरला एक संधी द्या. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर, म्हणजे पीएक्स ६२५ वर चालायचा. ती बॅटरी आता बनत नाही. दुकानदार त्याच मापाची अल्कलाइन देतात. ती १.५ व्होल्टची असते आणि वापरता वापरता तिचा दाब उतरत जातो. दाब जास्त, म्हणून मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो, तुम्ही अपर्चर (भिंगाचं छिद्र) बारीक करता आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येतं. त्याऐवजी श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी घाला. ती १.४ व्होल्टची आहे. व्यास कमी असल्यामुळे भोवती रबराची किंवा तांब्याच्या तारेची कडी लागते. वरचं स्टिकर काढून पाच मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. स्टिकर निघालं की मीटर वापरा किंवा वापरू नका, काही आठवड्यांत ती संपणारच. एवढं करूनही सुई भलतीकडे गेली तर आतला उजेड टिपणारा सेल थकलाय. त्याच्या दुरुस्तीवर पैसे घालू नका.

आता हातातला मीटर. मोजायच्या पद्धती दोन. एकीत वस्तूवरून परतून येणारा उजेड मोजतात, दुसरीत वस्तूवर पडणारा. पहिल्या पद्धतीत मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं धोतर मोजलं तर तो सांगेल त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड द्यावा लागतो, नाहीतर धोतर राखाडी दिसतं. काळ्या पाषाणाची मूर्ती मोजली तर उलटं, दीड-दोन स्टॉप कमी. पडणारा उजेड मोजताना वस्तूचा रंग मध्ये येतच नाही. मीटरचा पांढरा घुमट वस्तूच्या जागी धरायचा आणि कॅमेऱ्याच्या भिंगाकडे वळवायचा, एवढंच. माणसांचे, वाड्यांचे, गल्ल्यांचे फोटो काढणाऱ्या तुमच्यासारख्या गटाला हीच पद्धत जास्त उपयोगी पडेल. समोरचा अगदी लहानसा भाग मोजणारा, एक अंशाचा स्पॉट मीटर सुरुवातीलाच घेऊ नका. तो उत्तम असतो, पण समोरचा कोणता भाग कोणत्या छटेत हवा हे आधी ठरवता यायला लागतं. ते येत नसेल तर तो दहा ठिकाणी दहा आकडे दाखवून गोंधळ वाढवतो.

नवा घ्यायचा तर सेकॉनिकचा एल-३०८ पुरेसा आहे. एका साध्या पेन्सिल सेलवर चालतो, घुमट सरकवून दोन्ही पद्धतींनी मोजता येतं, फ्लॅशही मोजतो आणि ईव्ही आकडा, म्हणजे सारखाच उजेड देणाऱ्या अपर्चर-शटरच्या सगळ्या जोड्यांसाठी एकच आकडा, दाखवतो. गटासाठी हा शेवटचा गुण फार मोठा आहे, तो का ते पुढे येईलच. त्याच कंपनीचा एल-२०८ आणखी लहान आहे. त्यात सुई आणि चकती जुळवायची असते, सेल सीआर २०३२ लागतो, भरवसा चांगला आहे.

जुन्या मीटरचं म्हणाल तर वेस्टन मास्टरसारखे सेलेनियमचे मीटर बॅटरीशिवाय चालतात आणि हातात घेतले की मोह पडतोच. पण दमट हवेने सेलेनियम मरतं. सौद्यापूर्वी खात्रीचा दुसरा मीटर सोबत न्या आणि तीन ठिकाणी ताडून पाहा : भर ऊन, मोकळी सावली, घराचा आतला भाग. तिन्हीकडे फरक सारखाच, समजा एक स्टॉप, आला तर काळजी नाही. आयएसओची (फिल्मच्या संवेदनक्षमतेची) चकती तेवढी सरकवून ठेवा. उन्हात बरोबर आणि घरात दोन स्टॉप चुकीचा असा निघाला, तर कितीही स्वस्त असला तरी सोडा, कारण त्याला उपाय नाही. सेल हाताने पूर्ण झाकल्यावर सुई शून्यावर येते का, हेही बघा. न आल्यास शून्य जुळवायचा स्क्रू आहे का आणि तो फिरतो का, ते तपासा. गॉसेन लुनासिक्स ३ मिळाला तर त्यालाही पाऱ्याच्याच दोन बॅटऱ्या लागतात, म्हणजे पुन्हा वर सांगितलेलीच अडचण.

प्रश्न : मोबाइलमधलं अ‍ॅप वापरलं तर मीटर घ्यायची गरज आहे का?
– कारेलीबाग

उत्तर : शिकत असाल तर अ‍ॅपने काम भागतं. ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून परत येणारा उजेड मोजतं, म्हणून पांढऱ्या-काळ्याची वर सांगितलेली चूक त्यातही होते. आकाशाचा मोठा तुकडा चौकटीत आला की ते फसतं. मोबाइल खाली झुकवा, आकाश बाहेर ठेवा आणि ज्याचा फोटो हवा त्यावर बोट टेकवून मोजा. घुमटाशिवाय मोबाइलच्या सेन्सरने पडणारा उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. उघडा सेन्सर थोडा तिरका झाला तरी आकडा बदलतो.

प्रश्न : चांपानेरच्या जामी मशिदीत आम्ही सगळ्यांनी एकाच मीटरवर, एकाच वेळी रीडिंग घेतलं. फिल्मही सगळ्यांची एकच, ४०० आयएसओची कृष्णधवल. तरी दोघांचे निगेटिव्ह पातळ आले आणि एकीचे फारच दाट. दोष मीटरचा का?
– राजमहाल रोड

उत्तर : मीटर सगळ्यांना एकच होता, मग निगेटिव्ह वेगवेगळे आले ते मीटरच्या पलीकडच्या कारणांनी. पातळ निगेटिव्ह आधी उजेडात धरा आणि कडेचे कंपनीचे आकडे-अक्षरं पाहा. अक्षरं ठसठशीत काळी आणि चित्र मात्र पातळ असेल, तर फिल्मला उजेड कमी मिळाला. अक्षरंही फिकट असतील तर रोल धुताना कमी पडलाय आणि घाई केली ती लॅबने. धुतलेल्या रोलवर हा निवाडा मिनिटभरात होतो, आणि तो झाल्याशिवाय मीटरवर संशय घेऊ नये.

उजेड कमी मिळाला असेल, तर मोजायला कुठे उभे होतात? तिथलं अंगण उन्हाने तापलेलं असतं आणि खांबांच्या आत काळोख. अंगणात घुमट धरून आतल्या खांबांचा फोटो काढला की पाच-सहा स्टॉप सहज चुकतात. ज्या उजेडात वस्तू आहे त्याच उजेडात घुमट हवा. मोजताना तुमचीच सावली घुमटावर पडत नाही ना, हेही पाहा. ही चूक जाणत्यांच्याही हातून होते.

दुसरी शक्यता फिल्टरची. भिंगातून मोजणारे कॅमेरे फिल्टरचा हिशेब आपोआप धरतात, हातातल्या मीटरला फिल्टर दिसत नाही. पिवळा असेल तर एक स्टॉप, नारिंगी असेल तर साधारण दोन आणि लाल असेल तर तीन स्टॉप जास्त द्यावे लागतात. बेलोज किंवा एक्स्टेंशन रिंग (भिंग फिल्मपासून लांब नेणारी जोडणी) लावून अगदी जवळून फोटो काढला तरी तेच : वस्तू फिल्मवर तिच्याच आकाराची आली की दोन स्टॉप कमी पडतात.

दाट निगेटिव्ह आलेल्या ताईंच्या कॅमेऱ्याचं शटर तपासा. जुन्या लीफ शटरमधलं वंगण घट्ट झालं की पाती उशिरा मिटतात, सावकाशीच्या वेगांवर तर जास्तच. मागचं झाकण उघडून, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक सेकंद, अर्धा, पाव असं वाजवून ऐका. एक सेकंद दोन सेकंदांसारखा वाटला, तर कॅमेरा साफसफाईला द्या. तोवर वेगवान शटरवरच काम चालवा.

प्रश्न : नव्या मंडळींना जुन्या शहरात फेरीला न्यायचं आहे. कशी आखावी?
– रावपुरा

उत्तर : मांडवीपासून न्यायमंदिर, सूरसागर आणि तिथून दांडिया बाजारातल्या तांबेकर वाड्यापर्यंत. अंतर कमी आहे, पण उजेडाचे सगळे प्रकार त्यात येतात. आठाहून जास्त माणसं नकोत. त्यापुढे गल्ली अडते आणि मागच्यांना रीडिंग ऐकू येत नाही. सगळ्यांची फिल्म एकाच आयएसओची हवी. बाजार उघडण्याआधी सकाळी निघत असाल तर ४०० घ्या. अकरानंतर १०० बरी, कारण ४०० वर भर उन्हात एफ १६ ला १/५०० लागतो आणि बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचा तोच शेवटचा वेग.

मीटर एकाच्याच हातात द्या आणि त्याने ईव्ही आकडा मोठ्याने सांगावा. अपर्चर-शटरची जोडी सांगू नये, कारण प्रत्येकाचा कॅमेरा वेगळा. ‘ईव्ही १२’ ऐकलं की एक जण एफ ८ ला १/६० लावेल, दुसरा एफ ५.६ ला १/१२५, तिसरी एफ ४ ला १/२५०. उजेड तिघांनाही तेवढाच मिळतो. नव्या माणसाला अपर्चर आणि शटरचं नातं असं दहा मिनिटांत उमगतं, नुसत्या तक्त्याने महिनाभर उमगत नाही. प्रत्येक वळणावर दोनदा मोजा, उन्हाच्या बाजूला आणि सावलीच्या. अरुंद गल्लीत तीन-चार स्टॉपचा फरक असतो. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि उजेड बदलेपर्यंत मीटर खिशात ठेवा. प्रत्येक फोटोला मोजत बसणाऱ्याच्या समोरून माणूस निघून जातो.

वहीत फ्रेमचा नंबर, रीडिंग, लावलेलं अपर्चर-शटर आणि घुमट कुठे धरला होता ते लिहा. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि रोल धुवून आल्यावर नेमका तोच हवा असतो. रोल सावलीत भरा. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते का, हे प्रत्येकाला पाहायला लावा. फिरत नसेल तर फिल्म दात्यांवर बसलेलीच नाही. फिल्म अडकलीच तर झाकण उघडू नका, उजेड आत न येऊ देणारी एक काळी चेंजिंग बॅग गटाकडे असू द्या.

प्रश्न : तांबेकर वाड्यात भिंतीवरच्या चित्रांसाठी ट्रायपॉड नेता येईल का?
– बाबाजीपुरा

उत्तर : वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, चांपानेरही. ट्रायपॉडसाठी आधी लेखी परवानगी काढा. फ्लॅश रंगांना नको. हातात धरूनच काढणार असाल तर आत घुमट भिंतीला टेकवून मोजा. मीटर ४०० आयएसओवर ठेवून ईव्ही ७ आला, तर एफ २ ला १/३० मिळतं. याशिका मॅटचं भिंग एफ ३.५ चं, तिथे १/८ ते १/१५ लागेल. कॅमेऱ्याचा पट्टा मानेवर ताणून धरा, पाठ भिंतीला किंवा खांबाला टेकवा, पण चित्रांच्या भिंतीला नव्हे. परवानगी मिळून ट्रायपॉड लागला आणि मीटरने इलफर्डच्या एचपी५ या कृष्णधवल फिल्मला दहा सेकंद सांगितले, तर वीस द्या. एवढ्या मंद उजेडात फिल्मची संवेदनक्षमता घटते, आणि मीटर ते धरत नाही.