जुनी विमानं : वाचकांचे प्रश्न

वालचंद हिराचंदांनी देशातलं पहिलं विमान सोलापुरातच बनवलं, असं ऐकतो. खरं का? (जुळे सोलापूर)

नाही. वालचंदांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. विमानांचा कारखाना त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात काढला. तिथून १९४१ मध्ये उडालेलं हार्लो हे शिकाऊ विमान अमेरिकन आराखड्याचं होतं. आपल्याच आराखड्याचं एचटी-२ उडालं १९५१ मध्ये. खरा इतिहास एवढा मोठा असताना व्हॉट्सॲपवरची भर कशाला हवी?

टायगर मॉथच्या पंखांना कापड असतं म्हणे. आमच्या मागावरचं चालेल? (यंत्रमागधारक, पूर्व भाग)

उडणाऱ्या विमानाला नाही. १९३१ साली प्रथम उडालेल्या या विमानाच्या पंखांचा सांगाडा लाकडी. त्यावर लिनन ताणून शिवायचं आणि डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे हात द्यायचे. डोप वाळताना कापड आकसतं. मग बोटाने टिचकी मारली तरी हलगीसारखं वाजतं. लोक या विमानांपुढून हलत नाहीत ते यामुळेच. शिवण दिसते, तारा दिसतात, विमान कशाच्या जोरावर उडतं ते डोळ्यांना कळतं. शाळेतल्या प्रतिकृतीला तुमचं कापड खुशाल लावा. डोप मात्र चटकन पेटतो, जाणकार शेजारी असल्याशिवाय डबा उघडू नका.

जुन्या बाजारात महायुद्धातल्या विमानाचं उंचीमापक घेतलं. पूर्वी अंधारात चमकायचं, आता नाही. काच काढून नव्याने रंगवू का?

काचेला हात लावू नका! हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर वेळी कुणीतरी आधीच स्क्रू ढिले केलेले असतात. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सारी धातूचा रंग असे. चमक गेली म्हणजे विष उतरलं, हे विक्रेत्यांनी पसरवलेलं खोटं आहे. थकतं ते रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेल तोवर धोका बराच आटोक्यात असतो. ती निघाली की वाळलेल्या रंगाची पूड हवेत उडते, श्वासावाटे आत जाते आणि हाडांत ठाण मांडते. ‘चमक परत आणून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे तर मुळीच देऊ नका. त्याच्याकडचा पोऱ्या तोंडाला फडकंही न बांधता ती तबकडी खरवडणार. उपकरण जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, झोपायच्या खोलीपासून आणि मुलांपासून लांब ठेवा, हात धुवा. भंगारात टाकू नका. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला आजच लिहून विचारा. ‘दिवाळीनंतर बघू’ नको.

मुलांना जुनी विमानं कुठे दाखवू?

बंगळुरातलं एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) संग्रहालय. उद्यान एक्सप्रेस सोलापूरहूनच जाते. सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा.