कडी लावायची राहिली की

प्रश्न : यजमान जाऊन चौदा महिने झाले. रात्री दाराची कडी लावायची राहिली, की ते मागं उभे आहेत असं वाटतं. मी उठते, कडी लावते, मगच झोप लागते. मुलगा म्हणतो, डॉक्टरांना दाखवू. मला वेड लागलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो ताई, वेडबिड काही नाही. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलले. १९७१ साली त्यांनी लिहिलं, की जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवत होतं. बहुतेकांनी ते कुणापाशीच बोललं नव्हतं. पुष्कळांना त्याचा आधारच वाटे.

आमच्या साताऱ्यात, संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी, आईच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. शेवटी थोरला भाऊ पिंडापुढं हात जोडून म्हणाला, "धाकटीकडं मी बघतो, आई." तेव्हा शिवला. धाकटी म्हणजे मी. आजही पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना दंडाला तिचा हात लागतो. राखेनं भांडी घासून खरखरीत झालेला. कुणी देवदूत म्हणेल, कुणी पितर. माझ्यासाठी ती आईच.

मुलाला जवळ बसवून सगळं सांगा. त्यालाही बाबा जाणवत असतील, बोलत नसेल. झोप उडाली, अन्न जाईना, किंवा त्यांच्यामागं जावंसं वाटू लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. एरवी ते आठवण करतील तशी कडी लावत जा.