नवव्या प्रश्नाचं उत्तर कोण वाचणार?

नागपूर, मे महिना

प्रिय बेटा,

रविवारी तू लॅपटॉप उघडून सगळं दाखवलंस तेव्हा मी फार बोलले नाही, आणि जाताना तू हिरमुसला होतास. सांगायचं बरंच होतं, पण दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे पत्र.

तुझं काम मला मनापासून आवडलं. मन उदास असलेल्यांना घरबसल्या, फुकट आणि मराठीतून करता येतील असे सहा धडे, सोबतीला वीस स्वयंसेवक. याची गरज आहे का, असं तू विचारलंस. मानकापूरजवळचं आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून उभं आहे, राज्यात अशी चारच आहेत, आणि तिथल्या चौकाला लोक अजून 'पागलखाना चौक'च म्हणतात. ऑटोवाल्याला तो शब्द सांगायची लाज वाटते म्हणून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की, मानसिक आजार असलेल्यांपैकी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के आहे. त्या चौकात पाय ठेवायला न धजावणारा मुलगा मोबाइलवर मात्र रात्री दार लावून काहीतरी शोधत असतो. तुझे धडे त्याच्यासाठी आहेत. तेव्हा गरजेबद्दल शंका घेऊ नकोस.

माझा जीव अडकला तो तुझ्या पहिल्याच पानावर. तू तिथे पीएचक्यू-९ ही उदासीनतेची चाचणी ठेवली आहेस. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. चाचणी चांगली आहे, जगभर वापरतात. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करून घ्यावी, एवढंच ती सांगते. ते निदान नाही, आणि तसं तू लिहिलंही आहेस. पण नववा प्रश्न आठव. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? हिंगण्याकडच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत, रात्री दीड वाजता, कोणीतरी तिथे 'जवळपास रोज'वर बोट ठेवणार आहे. रविवारी मी तेच उत्तर निवडून पाहिलं. तुझं पान म्हणालं, 'धन्यवाद, पुढचा धडा उघडा.' तिथेच मी गप्प झाले.

जो प्रश्न विचारतो, त्याने उत्तर ऐकायला हजर राहावं लागतं. ती सोय होत नाही तोवर ते पान काढून ठेव. सोय म्हणजे काय, तेही सांगते. त्या उत्तरानंतर धडा पुढे सरकताच कामा नये. समोर मोठ्या अक्षरात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर यावा, बोट लावताच फोन लागेल असा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवाला धोका आहे असं दिसलं तर ११२. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या गटातल्या एका ठरलेल्या माणसाने त्याला फोन करायचा. 'कोणीतरी बघेल' असं ठेवलंस तर कोणीच बघणार नाही. वहीत तारखेपुढे नाव लिहिलेलं असावं. हे सगळं करायचं तर त्याचा नंबर आणि परवानगी पहिला प्रश्न विचारण्याआधी घ्यावी लागेल.

आता स्वयंसेवकांबद्दल. तू त्यांच्यासाठी चाळीस स्लाइड्स केल्या आहेस आणि त्यांत मेंदूतल्या रसायनांवरच अकरा आहेत. त्या अकरा काढून टाक. आपल्या लोकांना माहिती कमी पडत नाही, त्यांना गप्प बसणं जमत नाही.

मला ते कसं समजलं ते सांगते. नोकरीतली पहिली वर्षं. काटोलकडच्या एका गावात संत्र्याचा बाग असलेल्या एका माणसाकडे गेले होते. असाच मे महिना, कूलर घरघरत होता आणि मी त्या आवाजावर माझा आवाज चढवून बोलत होते. झोप कशी महत्त्वाची, दारू कशी वाईट, मुलांकडे बघा, हिंमत ठेवा. तो दर वाक्याला 'हो मॅडम' म्हणत होता. मला वाटलं, छान चाललंय. तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला. घामाने मी इतकी बेजार झाले की पदराने वारा घेत नुसती बसून राहिले. तीन-चार मिनिटं कोणीच बोललं नाही. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पाच महिने झाले मॅडम, मले रात्री झोप नाही. बायकोले बी सांगतलं नाही." पुढचा पाऊण तास तोच बोलला. लाइन गेली नसती तर मी त्याला बोलूच दिलं नसतं.

तेव्हापासून माझ्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस असा असतो: दोघं समोरासमोर, पाच मिनिटं, एकाने आपली खरी पण छोटी अडचण सांगायची आणि दुसऱ्याने एकही सल्ला द्यायचा नाही. 'टेन्शन नको घेऊ' नाही, 'सगळं ठीक होईल' नाही, 'माझ्या मामाचंही असंच झालं होतं' तर मुळीच नाही. फक्त ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि विचारायचं, "मला बरोबर समजलं का?" दुसऱ्याच मिनिटाला लोकांचे ओठ हलायला लागतात. तू करून बघ, आधी स्वतः.

दुसऱ्या दिवशी एकच वाक्य. "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" हे प्रत्येकाने मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, जीभ अडखळणं थांबेपर्यंत. विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती तुझ्या वीसही जणांना असेल. संशोधनात ती खरी ठरलेली नाही. सरळ विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं विश्वासाचं माणूस जोडून घ्यायचं, फवारणीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगायचं, आणि डॉक्टरपर्यंत सोबत जायचं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन म्हणूनच कधी द्यायचं नाही. 'जिवाचा प्रश्न आला तर मला सांगावं लागेल' हे पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. घरचे हमखास विचारतात, "पोलीस केस होईल का?" मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं आणि त्याला शिक्षा करायची नसते. हे स्वयंसेवकाला तोंडपाठ हवं.

डॉक्टर नसलेली माणसं हे करू शकतात का, या शंकेने तू हात आखडू नकोस. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ पासून आज्यांना शिकवून लोकांचं ऐकायला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला 'कुफुंगीसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. गोव्यात 'संगत' संस्थेने सामान्य माणसांना समुपदेशक केलं. आणि अगदी आपल्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे उदासीनतेने त्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पण या सगळ्यांच्या मागे कोणीतरी जाणतं बसलेलं होतं. गोव्यातले समुपदेशक तर आपल्या भेटींचं रेकॉर्डिंग एकत्र ऐकून एकमेकांना गुण देत. तुझ्याकडे दर आठवड्याला ऐकून घेणारं कोण आहे? मी येईन, पण एखादा मानसोपचारतज्ज्ञही शोध.

कुफुंगीसिसावरून तुझ्या धड्यांची भाषा आठवली. 'नैराश्यग्रस्त', 'वर्तनात्मक सक्रियता', हे कोण बोलतं रे? आपल्याकडे माणूस म्हणतो, मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोक्यात विचारच विचार सुरू असतात, कोणाशी बोलावंसं नाही वाटून राहिलं. धडा तिथून सुरू कर. दुसऱ्या धड्यात 'आवडती कृती करा' असं लिहिलं आहेस. ज्याचं मन लागत नाही त्याला आवडतं काय ते आठवतच नाही. त्याला सांग, उद्या सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, फुटाळा तलावाला एक चक्कर मारून ये. मन तयार नसलं तरी पाय घेऊन जा, आणि आल्यावर कसं वाटलं ते एका ओळीत लिही. मग आठवड्यातून एकदा स्वयंसेवकाने दहा मिनिटं फोन करावा: कुठे अडलास, पुढे काय करशील. एकट्याने केलेले ऑनलाइन कार्यक्रम लोक अर्ध्यात सोडतात. मागे एक माणूस असला की जास्त जण शेवटपर्यंत जातात आणि फायदाही जास्त होतो. धडे म्हणजे रस्ता म्हण, तुझी वीस माणसं सोबतीला चालणारी.

सोबतीलाही वेळ ठरवून द्यावी लागते. मी एका मुलीला माझा घरचा नंबर दिला होता. चार महिने ती रात्री केव्हाही फोन करायची आणि मी उचलायचे. मला ते प्रेम वाटायचं. मग नात्यातल्या लग्नाला गेले आणि तीन दिवस फोन उचलला नाही, तिला सांगितलंही नाही. तिने पुन्हा कधी फोन केला नाही. ती सुखरूप होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. ती दोन वर्षं मला अजून टोचतात. म्हणून स्वयंसेवकाचा स्वतःचा नंबर द्यायचा नाही, वेळ ठरलेली, सुट्टी आधी सांगितलेली, आणि कॉल संपल्यावर त्यानेही कोणाशी तरी बोलायचं.

अजून एक, धडे करणाऱ्यांची नावं, कॉलेज आणि होस्टेलच्या खोल्या लिहिलेली शीट वीसही जणांना उघडते. आजच बंद कर.

शनिवारी चारला ये. चार-पाच स्वयंसेवकांना आण, कूलर बंद ठेवून बसू. आणि त्या वहीत पुढच्या महिन्याच्या प्रत्येक तारखेपुढे, नवव्या प्रश्नासाठी, कोणाचं नाव आहे ते लिहून आण.

तुझी,
काकू